चेन्नईचा उन्हाळा फक्त सुपरहिरोंचा नाही

चेन्नईतील उन्हाळी चित्रपटांचा हंगाम तमिळ नववर्षाच्या, म्हणजे 14 एप्रिलच्या, आसपास सुरू होतो आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत चालतो. ‘उन्हाळा सुपरहिरोंनी गिळला, हलकीफुलकी प्रेमकथा संपली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान या शहराला लागू पडत नाही.

14 एप्रिल 2005 रोजी रजनीकांतचा ‘चंद्रमुखी’, कमल हासनचा ‘मुंबई एक्सप्रेस’ आणि विजय-जेनेलिया यांचा ‘सचिन’ एकाच दिवशी पडद्यावर आले. बाजी मारली ‘चंद्रमुखी’ने. भुताटकी आणि विनोदाची ही मिसळ पुढे राघव लॉरेन्सने उन्हाळ्याचे हुकमी पीक करून टाकली. त्याचा ‘कांचना 2’ 17 एप्रिल 2015 रोजी मणिरत्नम यांच्या ‘ओ कादल कण्मणी’ या प्रेमकथेसोबत आला आणि दोन्ही चालले. ‘कांचना 3’ तर 2019 मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’च्या जेमतेम आठवडाभर आधी लागला.

खुद्द ‘एंडगेम’ची तमिळ आवृत्तीही स्थानिक नावांच्या आधाराने विकली गेली: आयर्न मॅनला आवाज विजय सेतुपतीचा, संवाद ए. आर. मुरुगदास यांचे. (त्या आवाजावर अनेक चाहते चिडले, ती गोष्ट वेगळी.)

प्रेमविनोदाचे म्हणाल, तर नयनतारा आणि समंथा यांचा ‘कातुवाकुला रेंडु कादल’ एप्रिल 2022 मध्ये, ‘केजीएफ 2’ गर्दी खेचत असताना प्रदर्शित झाला. अलीकडचा खरा बदल जुन्या चित्रपटांच्या पुनरागमनाचा आहे: एप्रिल 2024 मध्ये ‘घिल्ली’, एप्रिल 2025 मध्ये ‘सचिन’.

— एक वाचक, चेन्नई