गोल किती केले हो?

एका जाणत्या क्रीडारसिकांनी परवा चारचौघांत फर्मावलं की बचावपटूची कारकीर्द ही लिहिण्याजोगी गोष्टच नव्हे. विषय निघाला होता फुटबॉलमधला बचावपटू राहुल भेकेचा. त्यांचा दावा थोडक्यात असा : मराठी पोराने फुटबॉलमध्ये जाणं हाच आतबट्ट्याचा व्यवहार, गेलाच तर निदान गोल तरी करावेत, आणि सतत जर्सी बदलणाऱ्या भाडोत्र्याला 'आपला' कशाला म्हणायचं?

पहिल्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. मुंबईचा फुटबॉल कूपरेज मैदानाचं कुंपण ओलांडणार नाही, असंही हीच मंडळी छातीठोकपणे सांगत. त्यांनी एकदा अंधेरीतला सामना सुटल्यावर आझाद नगर मेट्रोचा जिना चढून दाखवावा.

भाडोत्रीपणाचं म्हणाल, तर पोराने थांबायचं कुठे? मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगच्या तळाशी गेला. संघ मिटले तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. निष्ठेचा हिशेब मात्र खेळाडूने द्यायचा! भेके ईस्ट बंगाल, केरळ, पुणे करत २०१७ साली बेंगळुरूला पोचला, कारण तिथे खेळायला मिळत होतं.

आता गोलांकडे येऊ. तिथे या गृहस्थांचा खरा जीव अडकला आहे. गंमत म्हणजे भेकेने गोलही केला, तोही अंधेरीतच. १७ मार्च २०१९, इंडियन सुपर लीगची अंतिम फेरी, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळ सरत आलेली, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे शूटआउट. ११७व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेके उंच उठला, हेडर जाळ्यात. १-०. हे सांगितलं तर आमचे रसिक टाळी देऊन म्हणतात, "बघा, शेवटी गोलच लक्षात राहिला ना!"

अहो, त्याआधीच्या ११६ मिनिटांचं काय? समोर गोव्याचा कोरो होता, त्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा. त्या रात्री त्याची पाटी कोरी राहिली. ती आपोआप कोरी राहिली काय? बचाव म्हणजे स्ट्रायकर पाठमोरा चेंडू घेत असताना त्याच्या कमरेपाशी हाताचा अंदाज ठेवून अर्धं पाऊल मागे राहणं. त्याला वळू न देणं, वळलाच तर नावडत्या पायावर ढकलणं. आणि हे चालू असताना शेजारच्याला ओरडून रेषेवर आणणं. याचा आकडा कुठे छापतात? अंधेरीचा सबवे ज्या दिवशी तुंबत नाही, त्या दिवशी त्याची बातमी होत नाही, तसंच हे. गोलांच्या तक्त्याने बचावपटू मोजायचा, तर उद्या यष्टिरक्षकाला विचाराल, विकेट किती घेतल्या? ग्रेग स्टुअर्ट हा स्कॉटिश गडी मुंबई सिटीकडून अंधेरीत खेळला, पब्लिकने डोक्यावर घेतला, योग्यच केलं. पण त्याने पुढे जाऊन जादू करावी म्हणून मागे कोणीतरी घर राखत होतं, हे त्याच पब्लिकला सांगावं लागतं.

माझं म्हणणं फार मोठं नाही. बचावपटूची कारकीर्द त्याच्यावर टाकलेल्या जबाबदारीवरून वाचावी. २०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला. उजव्या बगलेवरचा हा खेळाडू इथे सेंटर बॅक म्हणून उभा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबईने २-१ असं हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी हेडर पुन्हा भेकेचंच. (घ्या, अजून एक गोल. लिहून ठेवा.) ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जेसन कमिंग्जने मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. मुंबईचं अवसान गळालं नाही. निकाल ३-१, आणि करंडक उचलणारा कर्णधार भेके.

त्यानंतर तो पुन्हा बेंगळुरूला गेला. आमचे रसिक आता 'भाडोत्री' म्हणायला मोकळे आहेत.