मायबाप सरकार आणि चमचाभर औषध

फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली आणून ठेवल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण परवा नातवाला खोकल्याचे औषध पाजताना माझा हात थबकला. औषध गोड, म्हणून पोराने आनंदाने आ वासला होता. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषही असेच गोड असते. ते कारखान्यांच्या कामाचे. माणसाच्या पोटात गेले की मूत्रपिंडे बंद पाडते.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेले ग्लिसरीन रोग्यांना पाजले गेले आणि १४ जण दगावले. रुग्णालय सरकारचे, खरेदी सरकारी, औषधे तपासणारे खातेही सरकारचे! न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी करून साऱ्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर आपण शहाणे झालो म्हणावे, तर २०२५ साली छिंदवाड्याकडे पुन्हा तेच. त्यांतली कित्येक मुले उपचारासाठी आपल्या नागपुरातच आणली होती.

त्याआधी, २०१९-२० च्या हिवाळ्यात, जम्मूकडील रामनगरात १२ पोरे गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग म्हणाला, औषध खात्याने हलगर्जीपणा केला आहे. प्रत्येक घराला सरकारने ३ लाख रुपये द्यावेत. मायबाप सरकारने काय करावे? ते उच्च न्यायालयात गेले. तेथे हरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात! २०२२ साली तेथेही हरले. वकिलांची फी किती झाली, हे विचारण्याचा चावटपणा मी करीत नाही.

कारखानदाराला धरा, असे म्हणतात. धरा की! पण परवाना कोणी दिला? मंडईत वांगे मी दाबून पाहतो. औषध मला दाबून पाहता येत नाही. ते काम मी सरकारवर सोपविले आहे. तेव्हा पैसे सरकारने आधी मोजावेत आणि मागाहून कारखानदाराकडून खुशाल वसूल करावेत. खटला वीस वर्षे चालो, त्या आईला ताटकळत ठेवू नका. आणि ‘सानुग्रह’ हा शब्द फायलींतून खोडा. अनुग्रह गुरू शिष्यावर करतो, ऋणको धनकोवर नव्हे!

पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइडमुळे अधू हातापायांची जन्मलेल्या मुलांसाठी १९७२ साली कायद्याने निधी उभा राहिला. कारखानदाराने पैसे घातले, तसे सरकारनेही घातले. कारखानदाराचा पैसा आटल्यावर १९९७ पासून त्यांचे निर्वाहवेतन सरकारने आपल्या तिजोरीतून चालविले. रामनगरच्या बापांना मात्र दोन न्यायालयांचे निकाल लागेपर्यंत वाट पाहावी लागली.