चाकांवरचा संसार आणि सार्थवाहाचे कर्तव्य

भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा धन सार्थवाहापासून सुरू होते. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात ती विस्ताराने आली आहे. क्षितिप्रतिष्ठित नगरीचा हा धनाढ्य व्यापारी वसंतपुरास निघाला, तेव्हा त्याने नगरात दवंडी पिटवली की, ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी यावे. वाटेतील त्यांच्या गरजा सार्थवाह भागवील. धर्मघोष आचार्यही आपल्या शिष्यांसह त्या तांड्याबरोबर निघाले. पुढे अरण्यात पावसाळ्याने गाठले. वाटा चिखलाने भरल्या, मुक्काम लांबला, शिधा संपला आणि लोक कंदमुळांवर दिवस काढू लागले. तेव्हा धन सार्थवाहाच्या ध्यानात आले की, ज्या मुनींना आपण सोबत घेतले त्यांची आपण एकदाही विचारपूस केलेली नाही. तो मनोमन लाजला, त्यांच्यापाशी गेला, क्षमायाचना केली आणि शुद्ध भावाने तूप वहोरावले. त्या दानातून त्याला बोधिबीज लाभले.

‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. आज पर्यटनाच्या जाहिरातींत झळकणारा ‘कॅराव्हॅन’ हा शब्द मूळच्या फारसी ‘कारवान’पासून आला असून त्याचाही अर्थ तांडा असाच आहे. काळाच्या ओघात तांडा गेला आणि शब्द एका गाडीपुरता उरला. 1885 साली इंग्लंडमध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी केवळ भ्रमंतीच्या आनंदासाठी घोड्यांनी ओढायचे एक फिरते घर बांधून घेतले आणि त्याला ‘वाँडरर’ असे नाव दिले. पुढे घोड्यांची जागा इंजिनाने घेतली. बिछाना, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शौचालय एकाच गाडीत सामावलेले असे मोटरहोम आता आपल्याकडेही भाड्याने मिळू लागले आहे. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात अशा गाड्यांबरोबरच त्या थांबवण्याच्या जागांचाही, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही, विचार केलेला आहे.

या सोयीचा आपल्या समाजाला कितपत उपयोग आहे, हे पाहण्यासाठी देहूतील एखादे साठी उलटलेले व्यापारी दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. गावात किराण्याचे दुकान. सकाळी सातला फळी उघडायची, रात्री हिशेब मिटवून कुलूप लावायचे, यात पस्तीस वर्षे सरलेली. प्रवास झाला नाही असे नाही. संघाबरोबर पालिताणा झाले, शिखरजी झाले, नातलगांची लग्ने झाली. परंतु केवळ दोघांनीच घराबाहेर चार दिवस काढल्याचे दोघांनाही आठवत नाही. आता मुलगा पेढीवर बसतो, सून हिशेब पाहते. मुलेच म्हणतात, ‘पप्पा, मम्मीला घेऊन कोकण बघून या.’

देहूहून व्यापाऱ्याने कोकणात उतरावे, हे नवे नाही. संत तुकाराम महाराजांचे घराणे वाण्याचे होते आणि ते स्वतः मिरच्या विकण्यासाठी कोकणात गेले होते, अशी कथा त्यांच्या चरित्रपरंपरेत येते. त्या फेरीत नफ्याचा हिशेब त्यांना फारसा जमला नाही, असेही ती कथा सांगते. आजच्या दांपत्याला मात्र हिशेबापासूनच आरंभ करावा लागेल.

पहिला प्रश्न गाडी विकत घेण्याचा. घरात पैसा असला की हा मोह होतोच. केवळ उदाहरणादाखल गाडीची किंमत 30 लाख रुपये धरू. हीच रक्कम 7 टक्के व्याजाने ठेवली असती, तर वर्षाला 2 लाख 10 हजार रुपये आले असते. 15 टक्के घसारा धरला तर पहिल्याच वर्षी गाडीचे मूल्य साडेचार लाखांनी घटते. म्हणजे विमा, कर व देखभाल सोडूनही वर्षाचा भार 6 लाख 60 हजारांचा. गाडी वर्षातून 20 दिवस वापरली, तर दिवसाला 33 हजार रुपये पडले. उलट, भाडे दिवसाला 12 हजार धरले तरी 20 दिवसांचे 2 लाख 40 हजारच होतात. आकडे गाडीप्रमाणे बदलतील, निष्कर्ष सहसा बदलणार नाही. वर्षातले अकरा महिने दारात उभी राहणारी गाडी हा परिग्रह आहे, प्रवास नव्हे. ‘पेढीच्या नावावर घेऊ, घसारा मिळेल’ असा सल्लाही कोणी देईल. कुटुंबाच्या सहलीचा खर्च धंद्याच्या खात्यात टाकणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि अचौर्य अणुव्रतालाही मान्य नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. चातुर्मासात साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात. श्रावकांनीही त्या काळात अनावश्यक प्रवास टाळावा, अशी आपली रीत आहे. निसर्गही तेच सांगतो. पावसाळ्यात कोकणातले घाट दरडींनी धोक्याचे होतात, समुद्र खवळलेला असतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाटा मोकळ्या होतात, हवा निवळते. तोच या प्रवासाचा मुहूर्त.

देहूरोडहून बाह्यवळण मार्गाने चांदणी चौक, तेथून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि म्हसळामार्गे श्रीवर्धन. पुढे हरिहरेश्वर आणि बागमांडला. येथे सावित्री नदी समुद्राला मिळते. गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे वेसवीला उतरले की रत्नागिरी जिल्हा लागतो. नंतर केळशी, आंजर्ले, हर्णै; पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची खाडी, तवसाळहून जयगडला शास्त्रीची खाडी, दोन्ही फेरीबोटीनेच ओलांडायच्या. पुढे गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी रेडी. या किनाऱ्याची लांबी शालेय पुस्तकांतून 720 किलोमीटर अशी शिकवली जात असे. खाड्यांमुळे प्रत्यक्ष रस्ता वळणे घेत जातो, म्हणून दहा-बारा दिवस हाताशी ठेवावेत आणि गाडीची उंची व वजन फेरीबोटीला चालते का, हे आधी विचारून घ्यावे. अधिक सवड असेल तर गोव्याच्याही खाली, कर्नाटकाच्या किनारपट्टीलगत कारकळ येथे 1432 साली प्रतिष्ठापित झालेली, सुमारे 42 फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती आहे; तेथपर्यंत जाणे म्हणजे सहलीची यात्रा होणे.

जैन कुटुंबाला अशा गाडीचा मोठा लाभ आहाराचा. कोकणात कांदा-लसूण आणि कंदमूळ नसलेले जेवण प्रत्येक गावी मिळत नाही. मिळाले तरी हॉटेलात ताट येईपर्यंत अंधार पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला स्वतःचा चौका सोबत असणे ही चैन राहत नाही, गरज होते. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारसी पारावी, नाश्ता करून निघावे, पाचच्या आत मुक्कामी पोहोचावे. उकळलेल्या पाण्याची हिवाळ्यातली मर्यादा चार प्रहरांची, म्हणजे सुमारे बारा तासांची. सकाळी उकळलेले पाणी सूर्यास्तापर्यंत निर्धास्त पुरते.

आपल्याकडे अनेक घरांतून रोज चौदा नियम धारण करण्याची परंपरा आहे. सचित्त, द्रव्य, विगय, पादत्राण, तांबूल, वस्त्र, कुसुम, वाहन, शयन, विलेपन, ब्रह्मचर्य, दिशा, स्नान आणि आहार. या यादीकडे पाहिले तर तिच्यातल्या कितीतरी बाबींची मर्यादा मोटरहोममध्ये आपोआप पडलेली दिसते. कपाटात मोजकेच कपडे मावतात. बिछाना एकच. टाकीत पाणी ठरावीक, म्हणून स्नान एका बादलीत. वाहन एक, दिशा एक. घरी चार खोल्या सामानाने भरलेल्या असूनही अपुऱ्या वाटणाऱ्या माणसाला येथे तिसऱ्या दिवशी उमगते की, एवढ्यातही भागते.

परंतु ही मर्यादा गाडीने घातलेली असते. जागा नाही म्हणून सोडले, ते व्रत होत नाही. जाणून, ठरवून, पच्चक्खाण घेऊन सोडले तर ते व्रत होते. म्हणून या दांपत्याने रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे बसून दिवसाचे नियम धारावेत. आज इतके किलोमीटर, इतकी द्रव्ये, इतके पाणी. गाडीची अडचण तेव्हाच देशावकाशिक व्रताचा अभ्यास होईल.

येथे धन सार्थवाहाची आठवण पुन्हा ठेवावी लागते. परिमाण गाडी शिकवते. सोबत असलेल्यांची काळजी गाडी शिकवत नाही. ती ज्याची त्याला आठवावी लागते.

पहिली सोबतीण पत्नी. पतीसाठी हा प्रवास विश्रांतीचा. खिडकीतून समुद्र दिसतो, दुकानाचा फोन मुलगा घेतो. पण सकाळी पाणी उकळणे, नाश्ता, डबा, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, भांडी हे सारे एकटीनेच करायचे असेल, तर त्या श्राविकेचा चौका फक्त देहूतून हलून चाकांवर आला, एवढेच झाले. घरी निदान उभे राहायला जागा तरी मोठी होती. पस्तीस वर्षे जिने ताट वाढले, तिच्यासाठी निघालेल्या प्रवासात भांडी कोणी घासायची, पाणी कोणी भरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. एक वेळ खाकरा, मुरमुरे, दशमी, मुगाचे लाडू यांवर भागवण्याची तयारी पतीने दाखवली, तर तिलाही समुद्र दिसेल.

दुसरा सोबती चालक. भाड्याची अशी गाडी आपल्याकडे बहुधा चालकासह मिळते. मागे गादीवर दोघे झोपतात. पुढे चालक कोठे झोपतो? पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभार आणि भक्तपान-विच्छेद हे दोन आहेत. आपल्या आश्रितावर झेपणार नाही इतका भार घालणे आणि त्याच्या अन्नपाण्यात खंड पाडणे. प्रतिक्रमणात ते आपण नित्य आठवतो. एका दिवसात दोन जिल्हे उरकायचे म्हणून चालकाला पहाटेपासून रात्रीपर्यंत चाकावर बसवले, तर पहिला अतिचार लागला. आपले जेवण सूर्यास्तापूर्वी झाले आणि त्याच्या जेवणाची चौकशी करायची राहिली, तर दुसरा. मुक्कामाच्या गावी त्याच्यासाठी वेगळी खोली घेणे आणि दिवसाचा टप्पा बेताचा ठेवणे, हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीवर असावा.

तिसरे सोबती मुके आहेत. बाणकोटजवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे जातात. 2002 पासून तेथे गावकरी आणि निसर्गप्रेमी मिळून त्यांचे रक्षण करीत आहेत. कोकणच्या इतर किनाऱ्यांवरही अशी घरटी असतात. समुद्राला लागून मुक्काम करावा म्हणून काही टन वजनाची गाडी वाळूवर उतरवली, तर चाकाखाली काय गेले हे कळतही नाही. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवावी, वाळूत पायी जावे आणि रात्री समुद्राच्या दिशेने प्रखर दिवे लावू नयेत. पिल्ले उजेडाला भुलतात. गाडीच्या शौचालयाचे व भांड्यांचे सांडपाणीही खाडीत किंवा झाडीत सोडणे अनुचित आहे. मलविसर्जन कोठे आणि कसे करावे, यासाठी मुनींना पाचवी समिती सांगितली आहे; श्रावकाने निदान तिचा आदर्श ठेवावा आणि टाकी रिकामी करण्याची रीतसर सोय असलेल्या ठिकाणीच मुक्काम ठरवावा.

एवढे सांभाळून हे दांपत्य मालवणच्या आसपास पोहोचेल, तेव्हा संध्याकाळी साडेपाचला जेवण आटोपलेले असेल. भांडी घासून झालेली असतील. चालक गावातल्या खोलीवर गेलेला असेल. दोघे सामायिक घेऊन बसतील, त्याच 48 मिनिटांत समोर सूर्य मावळेल. त्यानंतर कदाचित पस्तीस वर्षांत प्रथमच दुकान, उधारी आणि सोयरीक सोडून काही बोलणे होईल. गुडघे साथ देत आहेत, दोघांची दृष्टी शाबूत आहे, तोवरच ही वेळ साधते. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता किती घरांतली एक खुर्ची रिकामी झाली, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

परतल्यावर वहीत एक हिशेब मांडावा. किती किलोमीटर झाले, हा त्यातला लहान आकडा. किती वस्तूंवाचून भागले आणि सोबत आलेल्यांपैकी कोणाची विचारपूस राहून गेली, हे त्यापुढे लिहावे. धन सार्थवाहाला ती चूक वाटेतच उमगली, म्हणून त्याचा प्रवास सार्थकी लागला.