जुनी देऊन नवी घेताना
टाटांची विजेवर चालणारी ‘एस ईव्ही’ मे २०२२ मध्ये आली, वहनक्षमता ६०० किलो. मे २०२४ मधील ‘एस ईव्ही १०००’ एक टन वाहते. लालबागच्या मसाला व्यापाऱ्यास अदलाबदलीचा मोह व्हावा हे स्वाभाविकच. परंतु जुन्या गाडीचे ठरलेले मूल्य पूर्णपणे हाती पडत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आयकरात घसारा घेतला असल्यास, विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या मूल्याहून जितकी अधिक, तितक्या फरकावर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. खरेदीच्या वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल, तर फरकापुरत्या आकारणीची ही सवलतही मिळत नाही. आणि मालवाहू गाडीवर ते कोण सोडतो? सौद्यापूर्वी जुने बीजक काढून करसल्लागारास दाखवावे. कर्ज फिटले तरी नोंदणीपत्रावरील बँकेचा बोजा उतरविणे पुष्कळांकडून राहून जाते, तेही पाहावे.