घरचा खेळाडू की परराज्यातला?

जून २०२५ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राविषयीच्या समझोत्याला मंजुरी दिली आणि बेसबॉल संघांपुढील एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. खेळाडू राज्यातला निवडावा की परराज्यातला?

हा प्रश्न मुळात शुल्काचा. तेथील सरकारी विद्यापीठांत परराज्यातील विद्यार्थ्याला बरेच अधिक शुल्क भरावे लागते. त्यातच प्रथम श्रेणीच्या संघाला जेमतेम ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच रक्कम अनेक खेळाडूंत वाटता येत असे. अर्धी शिष्यवृत्ती मिळूनही उरलेला भार परराज्यातील कुटुंबाला जड जाई. स्थानिक मुलाला मात्र शुल्क कमी. शिवाय जॉर्जियासारख्या राज्यात १९९३ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून गुणवत्तेवर होप शिष्यवृत्ती मिळते. दक्षिणेतील संघांच्या बळाचे श्रेय केवळ उबदार हवामानाला देणे त्यामुळे अपुरे ठरते.

समझोता स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरील शिष्यवृत्त्यांची मर्यादा आता उठली आहे. मात्र संघात ३४ खेळाडूंचेच बंधन आले. सधन विद्यापीठे देशभरातून खेळाडू आणू शकतील. झळ बसेल ती शिष्यवृत्तीविना, घरच्या शुल्कात शिकत संधीची वाट पाहणाऱ्या स्थानिक मुलाला. पस्तिसाव्या खेळाडूला संघात जागाच उरलेली नाही.