आधी दोर, मग टाकी

चाकूरहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एस्टीत डबा मांडीवर घेऊन बसलेला आपला माणूस बघा. कामाला चाललाय. कोणत्या? ते त्याला गेटवर कळणार. गुत्तेदार बोट दाखवणार, "आज टाकी साफ करायची हाय." आणि हा उतरणार. नाही म्हणलं तर उद्याची हजेरी गेली.

जानेवारी 2017. लातूरची एमआयडीसी. खाद्यतेलाचा कारखाना. घाणीच्या टाकीत माणसं उतरली, वर आलीच नाहीत. त्यांना काढायला मागची उतरली. तीही गेली. 9 मुडदे.

ह्याला दुर्घटना म्हणायचं?

ठाऊक नसताना झालं तर दुर्घटना. कुजलेल्या घाणीत विषारी वायू धरतो, हे ठाऊक नव्हतं? हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड. तळाला बसतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेली घाण. दोन दमात आडवा.

कायद्यालाही ठाऊक होतं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टाचं कलम 36 वाचा. अशा टाकीची हवा जाणकारानं तपासून लेखी दाखला द्यायचा. नसेल तर उतरणाऱ्याला श्वासाचं यंत्र, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

दोर! सत्तर वर्षांचा जुना दोर. तो मालकाला महाग पडतो, माणूस पडत नाही.

कामून? माणूस मेल्याचा खर्च मालकाच्या वहीत पडतच नाही. भरपाईचा हिशेब पगार आणि वयावरून. हजेरीपटावर नावच नसेल तर पगार कोण सिद्ध करणार? गटारात मेलेल्याला 10 लाख, असं सुप्रीम कोर्टानं 2014 साली सांगितलं. 2023 साली 30 लाख केले. चांगलं झालं. पण आमची किंमत मेल्यावरच का ठरते? आणि जो अर्धा मरून वर येतो त्याचं काय? त्याचा दवाखाना सावकाराच्या व्याजात, आणि पोरीची शाळा सुटून ती खुरपायला.

बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. टाकीच्या तोंडाशी दोघं खांद्याला खांदा लावून उभे असतात. एक म्हणतो, घाण तुझ्याच वाट्याची. दुसरा म्हणतो, शंभर जास्त घे, उतर.

दोस्तहो, आपणही मड्यामागंच मोर्चा काढतो. उतरायच्या आधी काढा! काठावर बसा. विचारा, हवा तपासली का? कागद कुठाय? दोर कुठाय? टोक कुणाच्या हातात? एकट्यानं विचारू नका, एकट्याला हाकलतात. सगळे मिळून विचारा. आणि आत कुणी पडलाच तर दोराविना मागं उडी टाकू नका. लई अवघड हाय हे, आत आपलाच भाऊ असतो. पण एका मड्यामागं दुसरं मडं, हा त्यांचा हिशेब आहे. आपला नव्हे.

आधी दोर. मग टाकी.