बारामोटेची विहीर : वारसा आणि भूजलाचा ताळेबंद

सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारामोटेची विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. सुमारे 50 फूट व्यासाच्या आणि 110 फूट खोलीच्या या दगडी विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालत आणि त्यांच्या पाण्यावर परिसरातील आमराई पोसली जाई. पर्यटक आज तेथील जिना, शिल्पे आणि दालन पाहून परततात. कृषी क्षेत्राने मात्र या वास्तूकडे सिंचनाची रचना म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकात भूजल मुख्यत्वे झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांत असते आणि तेथून ते सावकाश पाझरते. मोठ्या व्यासाची विहीर हा संथ पाझर रात्रभर साठवून सकाळी उपशासाठी उपलब्ध करते. मोटेचा उपसा बैलांच्या शक्तीने मर्यादित असे. बैल सुटले की झऱ्यांना उसंत मिळे. विद्युत पंपाला अशी उपजत मर्यादा नाही. म्हणून मोटेकडे परतावे असे नव्हे. पूर्वी साधनाने घातलेली मर्यादा आता शेतकऱ्यांनी एकत्र बसून घालावयाची आहे.

जुन्या विहिरींचे पुनरुज्जीवन गाळ काढणे, डागडुजी आणि रोषणाई येथेच थांबते, ही खरी उणीव आहे. त्याच थरांतून पाणी खेचणाऱ्या भोवतालच्या कूपनलिकांचा उपसा अनिर्बंध राहिल्यास स्वच्छ केलेली विहीरही उन्हाळ्यात कोरडी पडेल.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बांधीव विहिरींची, तसेच गुजरातमधील वाव व राजस्थानातील बावड्यांची, नोंद करून त्यांना निरीक्षण विहिरींचा दर्जा मिळवून द्यावा. केंद्रीय भूजल मंडळाप्रमाणे वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये व नोव्हेंबरमध्ये, पातळी मोजून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी. प्रगतिशील शेतकऱ्यांनी पावसाळ्यानंतरची पातळी पाहूनच रब्बी व उन्हाळी पिकांचे क्षेत्र ठरवावे. पुनर्भरण करताना शेतातील गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नये. ते वाळू-खडीच्या गाळण खड्ड्यातून गाळून घ्यावे.

दगडी चिरे तीन शतके टिकले. त्यांच्या तळाशी पाणी टिकवणे हे पुरातत्त्व विभागाइतकेच शेतकऱ्यांचेही दायित्व आहे.